मगदूमांचं रक्त

"खालावलाय?" इनामदार मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. "कुंदा, अगं चार किलो वजन वाढलंय त्याचं. आत्ता माझ्यासमोर काट्यावर उभा होता."

"मला नाही तसं वाटत," मी म्हटलं. "मास्क सरकला तेव्हा बघितलं, ओठ पांढरे पडलेत. मघाशी खुर्चीतून उठताना भिंत धरली त्यांनी."

"आपण भूपाल मगदूमबद्दलच बोलतोय ना? समडोळीचे? पिठाची गिरणी?"

"तेच. आत्ताच दोन नळ्या भरल्यात त्यांच्या. हातात आहेत बघा."

मॅडमनी नळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. घरी काही भांडण-बिंडण झालंय का हिचं, असं विचारणारं ते बघणं होतं. मग म्हणाल्या, "तू चहा घे जा. उपाशी दिसतेस."

मी चहा घेतला नाही. माणूस सुधारलाय की खालावलाय एवढं मला कळत नसेल, तर सोळा वर्षं लोकांच्या शिरांत सुया खुपसून काय मिळवलं मी? डॉक्टर असली म्हणून काय झालं, असं पुटपुटत मी जिना चढले.

बारा वर्षं झाली याला. सांगलीच्या एका कॅन्सरच्या हॉस्पिटलात मी रक्त काढायच्या खोलीत होते. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती, त्यांची नव्हती. लहान मुलं, औषधांनी शिरा वाळून गेलेल्या बायका, कुणाचीही शीर मला पहिल्या टोच्यात सापडायची. दुसऱ्या वॉर्डातून बोलावणं यायचं, घोरपडेबाईंना पाठवा म्हणून. त्याचा मला थोडा माज होता, खोटं कशाला बोलू.

इनामदार मॅडमचं त्या वर्षी संशोधन चाललेलं होतं. गाठीचे बारीक बारीक तुकडे रक्तात सुटतात म्हणे. ते तुकडे हैदराबादच्या एका लॅबमध्ये वाचून घ्यायचे आणि गाठीच्या जनुकांत नेमका कुठला बदल झालाय, औषधानं ती मरतेय की नाही, माणूस किती तग धरेल, हे गाठीला हात न लावता ओळखायचं. दर दोन महिन्यांनी प्रत्येक पेशंटच्या दोन नळ्या. पहिल्या वेळेचं रक्त माझ्या आधी जो टेक्निशियन होता त्यानं काढलेलं. तो नोकरी सोडून गेला आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं.

भूपाल मगदूमांच्या फुप्फुसात गाठ होती. विडी नाही, तंबाखू नाही, पक्के जैन, कांदा-लसूणसुद्धा नाही. त्यांच्या गाठीत असा एक बदल सापडला होता की त्याच्यावर रोजची एक गोळी चालते. सलाईन नाही, केस जाणं नाही. मॅडमनी गोळ्या सुरू केल्या.

दोन महिन्यांनी ते माझ्या खोलीत आले. आमचा विभाग दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट कायमची बंद, त्यामुळे सगळेच धापा टाकत यायचे. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी. आमच्याकडे सगळेच तसे असतात.

"पूर्ण नाव?" मी विचारलं.

"भूपाल आदगोंडा मगदूम."

"वय?"

"अठ्ठावन्न."

फाईलीतल्या आधार कार्डाच्या झेरॉक्सवर चेहरा ताडून बघायचा, असा नियम होता. ती झेरॉक्स अशी काळी की तिच्यात मी माझी आजीसुद्धा ओळखली नसती. मी ताडलं असं समजून बरोबरची खूण केली.

पट्टा बांधला आणि खूश झाले. शीर म्हणजे काय, दोरखंड. बाकीचे पेशंट नळीकडे बघून म्हणायचे, एवढं कशाला काढताय हो बाई, आधीच रक्त नाही. हा माणूस उलटा. "ताई, भरपूर घ्या," म्हणाला. "कमी पडाय नको."

"पुरेल हो."

"तरी घ्या आनि थोडं. लागंल."

सुई काढल्यावर खिशातून पुडी काढून, मास्क जरासा उचलून चिमूटभर ओवा त्यानं तोंडात टाकला. पोटात गुबारा धरतोय, म्हणाला. मी म्हटलं मॅडमना सांगा. म्हणाला, त्याचं काय एवढं.

त्या रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा मॅडमनी मला हाक मारून दाखवला. फुप्फुसाच्या गाठीची जी खूण पहिल्या रक्तात ठळक होती, ती पार नाहीशी झाली होती. एक थेंब नाही. "गोळी लागू पडली," म्हणाल्या आणि खुशीत येऊन मला वडापाव खायला घातला. तेवढ्यात त्यांचं लक्ष खालच्या ओळीकडे गेलं. तिथे एक दुसरीच खूण होती, आधीच्या रक्तात नसलेली. अगदी फिकट.

"हे काय नवीन?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "बघू पुढच्या वेळी."

पुढच्या वेळी, म्हणजे मघाशी सांगितला तो दिवस. त्या नळ्यांचा रिपोर्ट तीन आठवड्यांनी आला. पहिली खूण नाहीच. दुसरी मात्र तिप्पट झालेली.

मॅडमनी मला बसवलं. कागदावर दोन गोल काढले, एक मोठा आणि त्याच्या पोटात एक बारका. "असं होतं कधीकधी. गोळीनं मोठी जात मारली, पण गाठीत आधीपासून दडलेली दुसरी जात वाचली. आता ती फोफावतेय. तिला ही गोळी चालत नाही. म्हणजे गोळी बंद करायची आणि सलाईनची औषधं लावायची."

"मग लावा."

"कशी लावू? कालचा स्कॅन बघ. गाठ निम्मी झालीय. माणूस जेवतो, झोपतो, खोकला गेला. असा गुण आलेला असताना चालू गोळी बंद केली आणि माझंच चुकलं तर? मारलंच मी त्याला." त्यांनी पेन टेबलावर टाकलं. "रक्त म्हणतंय बिघडतंय. स्कॅन म्हणतोय सुधारतंय. मी म्हणते सुधारलाय. तू म्हणतेस खालावलाय. माझं डोकं चालेनासं झालंय, कुंदा."

माझं तरी कुठे चालत होतं? मी दोन्ही वेळा त्या माणसाला हातभर अंतरावरून बघितलं होतं. दुसऱ्या वेळी तो पहिल्यापेक्षा वाळलेला होता, पट्टा एक घर जास्त ओढावा लागला होता. आणि मॅडम चार किलो वजन वाढल्याचं सांगत होत्या. काट्यात बिघाड असेल म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत स्वतः काट्यावर उभी राहून आले. काटा बरोबर होता, दुर्दैवानं.

मॅडमनी फाईलीतल्या नंबरावर फोन लावला. तो धाकट्या भावाचा होता, नेमगोंडाचा. दर खेपेला तोच त्यांना घेऊन यायचा, औषधं आणायचा, मॅडमपुढे वही घेऊन बसायचा. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, नुसतं ऐकून होते. मॅडमनी त्याला सांगितलं, रक्तात दुसरंच काहीतरी दिसतंय, वाढतंय, कदाचित गोळ्या बंद कराव्या लागतील, भावाला घेऊन ताबडतोब या. येतो म्हणाला. आठ दिवस आला नाही. नंतर फोन उचलेना.

"गुरुवारी सगळे डॉक्टर बसणार आहोत," मॅडम म्हणाल्या. "तेव्हा गोळी चालू की बंद ते ठरेल. गोळी बंद झालीच तर त्याच्या आधीचं ताजं रक्त मला हैदराबादला पाठवायचंय. तू जाशील का घरी?"

मंगळवारी दुपारी बर्फाचा डबा स्कूटरला बांधून मी समडोळीला गेले. गिरणी शोधावी लागली नाही, आवाज लांबूनच येत होता. दारात डबे घेऊन चार बायका बसलेल्या. आत पांढऱ्या धुरळ्यात बनियन घातलेला एक माणूस उभा, भुवयांवर पीठ, आणि एका आजीबाईंशी वाद घालत होता.

"जाडसरच दळलंय की आजी. आनि किती जाडं पाहिजे? मग दळताय कशाला, तसंच शिजवा."

आजी हसत होत्या. मी पुढे झाले. "भूपाल मगदूम आहेत का?"

"बोला की."

"त्यांनाच भेटायचंय. पेशंट आहेत ना ते. मी हॉस्पिटलमधून आलेय."

"मीच पेशंट," तो म्हणाला आणि त्यानं हात पसरले. "दिसत न्हाई व्हय तसा?"

मी बघत राहिले. मास्क नाही, टोपी नाही, पण कपाळ तेच, डोळे तेच, नाकाचा वरचा भाग तोच. आणि माणूस मात्र ठणठणीत. गाल भरलेले, आवाज खणखणीत. मला मनातल्या मनात मॅडमची माफी मागावीशी वाटली. सोळा वर्षांचा माज असा गिरणीच्या दारात उतरला.

"रक्त घ्यायचंय थोडं," मी म्हटलं.

"चला घरात. पद्मावती, पाणी आन गं," त्यांनी गिरणीला लागूनच असलेल्या घराकडे हाक दिली. मोटार बंद केली, बायकांना अर्ध्या तासानं या म्हणून सांगितलं आणि मला आत घेऊन गेले.

त्यांना खुर्चीत बसवलं. हात धुवायला लावले. दंडाला पट्टा बांधला, मूठ आवळायला सांगितली आणि कोपराच्या खळगीत बोट ठेवलं.

शीर नव्हती.

म्हणजे एक शीर होती, बारीक, खोल, आडवी सरकलेली. माझी ती दोरखंडासारखी शीर नव्हती. मी दुसरा हात घेतला. तिथेही नाही. लोकांना चेहरे लक्षात राहतात, मला कोपराच्या खळग्या राहतात. माणूस जाड होवो, वाळो, काहीही होवो, शीर आपली जागा सोडून जात नाही.  आपल्याला काहीतरी व्हायला लागलंय, वेडबिड लागतंय की काय, असंच त्या क्षणी मला वाटलं.

"गेल्या वेळी मी इथूनच घेतलं होतं ना?" मी विचारलं. "या हातातून?"

"कवा?"

"चार-साडेचार आठवड्यांपूर्वी. त्याच्या आधी दोन महिने, तेव्हाही."

"माझं?" ते माझ्याकडे बघून हसले. "ताई, माझं रगत काढलं ते पयल्यांदा, एका पोरगेल्या माणसानं. त्यानंतर न्हाई कुनी काढलं. तुमाला तर मी आजच बघतोय."

"तुम्ही दुसऱ्या मजल्यावर आला नव्हता?"

"जिनाच चढवत न्हवता हो मला तवा. खालीच मॅडमना दाखवून झाडाखाली बसायचो. वर सही करायला नेमू जायचा."

दारात पावलं वाजली. मी मान वळवली. हातात दळणाचा डबा घेऊन माझा पेशंट उभा होता. मास्क नव्हता, पण ते पांढरे ओठ न बघताही मी त्याला ओळखलं असतं, कारण बाह्या दुमडलेल्या होत्या आणि शीर इथूनसुद्धा दिसत होती. मला बघून त्यानं डबा खाली ठेवला.

"नेम्या," अण्णा म्हणाले. सगळं घर त्यांना अण्णा म्हणायचं. "ही ताई काय म्हनतीया?"

नेमू दुमडलेल्या बाह्या खाली ओढायला लागला.

"तू दिलंस व्हय रगत? माझ्या नावानं?"

"दिलं," नेमू म्हणाला.

"का दिलंस?"

"तुझ्या अंगात हुतं व्हय तवा? हाडं मोजून घ्यावीत असा झालतास. दोन पावलं टाकली की धाप. त्यात ह्यांनी दोन-दोन नळ्या काढून घ्यायच्या? मी म्हटलं माझं घेऊ देत. मला काय धाड भरलीया?"

मी ताडकन उठले. "अहो, पण त्यांचं तपासायचं होतं, तुमचं नाही. खुशाल नाव खोटं सांगितलंत तुम्ही मला."

"खोटं कुठं, ताई?" तो खरंच बुचकळ्यात पडल्यासारखा म्हणाला. "मॅडमनीच सांगिटलं हुतं की. पयल्या दिवशी कागदावर झाड काढून. बाप पोटाच्या दुखन्यानं गेला म्हटल्यावर त्या म्हनल्या, ह्यातलं काय काय घरान्यातनं येतंय, सख्ख्या भावाभावाचं निम्मं एकच असतंय. मी वहीत लिवून ठेवलंय. म्हटलं निम्मं तर निम्मं. म्हनून तर तुमाला म्हनायचो, भरपूर घ्या."

मला हसावं की त्याच्या मुस्काटात द्यावी, कळेना. माझ्या डोळ्यांसमोर मॅडमचे ते दोन गोल आले, मोठा आणि बारका. गाठीतली दडलेली जात. महिनाभर आम्ही दोघी डोकी फोडत होतो, आणि हा माणूस निम्म्याचा हिशेब भरून काढायला जास्त रक्त देत होता.

"तुम्हाला कळतंय का काय झालं असतं?" माझा आवाज चढला. "परवा यांच्या गोळ्या बंद होणार होत्या. तुमच्या त्या रक्तावरून. चालू असलेल्या, गुण आलेल्या गोळ्या."

"गोळ्या बंद?" अण्णांनी विचारलं. "कोन म्हनलं?"

नेमूनं मान खाली घातली. आठ दिवस त्यानं ते पोटात ठेवलं होतं. फोन न उचलण्याचं कारण मला तेव्हा कळलं. भावाला घेऊन जायचं तर भावाला सांगावं लागलं असतं, आणि ते त्याच्या तोंडातून निघत नव्हतं.

"मग आता?" त्यानं हळूच विचारलं. "बंद न्हाई ना करनार?"

"आता यांचं रक्त घेते, ते बघू दे मॅडमना. पण स्कॅन चांगला आहे, माणूस समोर बसलाय तुमच्या. बंद करायचं मला तरी काही कारण दिसत नाही."

"आन् ते वाढतंय म्हनत हुत्या मॅडम, ते दुसरं?"

"ते यांचं नाहीच," मी रागातच म्हटलं.

नेमू मटकन खाली बसला आणि रडायला लागला. रडता रडता हसत होता. चेहऱ्यावरचं पीठ ओलं होऊन गालावर चिकटलं. अण्णांनी त्याला गाढव म्हटलं, मूर्ख म्हटलं, बापाचं नाव बुडवलंस म्हणाले, आणि मग त्याच्या डोक्यावर हात ठेवून नुसतेच बसले. पद्मावती वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थांबल्या होत्या, त्यांनी पदरानं डोळे पुसले. मी अण्णांची ती चोरटी शीर पहिल्याच टोच्यात धरली. एवढी तरी अब्रू राहिली.

"ताई, जेवूनच जायचं," वहिनी म्हणाल्या. "आमच्यात दिवस मावळायच्या आधी जेवतात. झालंच आता."

मी नको म्हटलं. नळ्या बर्फात ठेवायच्या होत्या. अंगणात स्कूटरच्या सीटवर डबा उघडला, लेबल काढलं आणि पेननं नाव लिहिलं, भूपाल आदगोंडा मगदूम. तारीख लिहिली. वेळ लिहिली. त्याखाली आधीच्या नमुन्यांचे नंबर लिहायचे असतात. पहिला नंबर लिहिला. दुसरा लिहायला गेले आणि पेन थांबलं.

दुसरा यांचा नव्हता. तिसराही नव्हता. ते मी घरात तावातावानं बोलून बसले होते. ते यांचं नाहीच, असं. मग ते कुणाचं होतं?

खूण होती. फिकट होती, मग तिप्पट झाली होती. लॅब काही खोटं सांगत नव्हती. त्यांना गाठीच्या खुणा वाचायला सांगितल्या होत्या, माणूस कोण ते कुणी विचारलंच नव्हतं. पांढरे ओठ. भिंत धरून उठणं. एक घर जास्त ओढलेला पट्टा. मॅडमना मी छातीठोक सांगितलं होतं की माणूस खालावलाय, आणि ते खरं होतं. मी स्कूटरला टेकले.

नेमू माझ्यासाठी पिशवीत ताजं पीठ घेऊन बाहेर येत होता. चेहरा धुतलेला, हसरा. "ताई, शाळूचं हाय. राग धरू नका."

"नेमगोंडा, तुमचं पोट कसं आहे?" मी विचारलं.

"पोट? गुबारा असतोय. ओवा खातोय."

"किती दिवस?"

"झालं की वरीस."

"वजन?"

"अण्णाच्या पाठीमागं पळून पळून उतरलंय थोडं." तो थांबला. "का ओ?"

मी डॉक्टर नाही. असलं काही सांगायचं माझं काम नाही, मला तसा अधिकारही नाही. मी दोन रिकाम्या नळ्या काढल्या. "इकडे बसा. तुमचं रक्त घेते. या वेळी तुमच्या नावानं."

तो जोत्यावर बसला, सवयीनं बाही वर केली. पट्टा बांधला. शीर जागेवर होती. पहिली नळी भरत आली तेव्हा त्यानं विचारलं, "माझं कशाला, ताई?"

मी भरलेली नळी काढली. दुसरी नळी लावली. तो नळीकडे बघत होता. मॅडमपुढे वही घेऊन बसणारा माणूस तो, आमच्या इतर कुठल्याही नातेवाइकापेक्षा त्याला जास्त कळत होतं.

"मॅडम फोनवर म्हनल्या ते," तो सावकाश म्हणाला. "दुसरं काय दिसतंय, वाढतंय. ते माझ्या रगतात दिसलं व्हय?"

मी मानेनंच हो म्हटलं. "नक्की काय ते मला सांगता येणार नाही. उद्या सकाळी मॅडमकडे या. उद्याच."

 घरात भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मी सुई काढली, कापूस दाबून धरला. तो स्वतः दाबायचा विसरला होता.

"अण्णाचं त्यातलं काई न्हाई ना?" त्यानं विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"त्या दोन रिपोर्टांतलं काहीही त्यांचं नाही."

"बरं झालं," तो म्हणाला.

मला संताप आला. भीतीनंच आला असेल. "काय बरं झालं हो?"

"आठ दिस मला वाटत हुतं अण्णा चालला," तो म्हणाला. "रोज त्याच्या ताटात वाढताना वाटायचं, ह्याला ठावंच न्हाई. आता माझं जे असंल ते असंल. माझं मला ठावं हाय." त्यानं बाही खाली केली. "अण्णाला मी सांगतो. आज न्हाई. आज त्याला जेवू दे."

"नेम्या, दिवस बुडाय लागला," आतून अण्णांची हाक आली. "ताटं वाढलीत. ताईस्नी घिऊन ये."

"त्या निघाल्या," नेमू ओरडून म्हणाला. पिठाची पिशवी त्यानं माझ्या स्कूटरच्या हुकाला अडकवली आणि आत गेला. दारातून मला दिसलं, तो भावाशेजारी पाटावर बसला. अण्णांनी त्याच्या ताटात एक भाकरी जास्तीची टाकली आणि काहीतरी बोलले, आणि तो हसला.

मी निघाले. गावाबाहेर आल्यावर मला स्कूटर थांबवावी लागली, डोळ्यांपुढचं दिसेना. चार नळ्या घेऊन मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि भडभडून रडले. कुणासाठी, ते मला नीट कळलं नाही.

अण्णांच्या नळ्यांत काही निघालं नाही. गोळ्या चालू राहिल्या. नेमूच्या मोठ्या आतड्यात उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ होती, आणखी कुठे पसरलेली नव्हती. सव्वीस दिवसांनी ऑपरेशन झालं. मॅडमनी माझ्याकडून झाला प्रकार लेखी घेतला. चेहरा न ताडता दोन वेळा चुकीच्या माणसाचं रक्त घेतलं, असं मी लिहिलं, आणि पुढे 'दिलगीर आहे' लिहायला गेले तर ते लिहिता येईना. मॅडमनी कागद तसाच घेतला.

नंतर कितीतरी वर्षं गिरणीचं पीठ माझ्या घरी येत राहिलं. त्या गोळीनं अण्णांना चार वर्षं दिली, मग ती लागू पडेनाशी झाली. मी समडोळीला गेले तेव्हा गिरणी बंद होती आणि अंगणात माणसं जमली होती. खांदा द्यायला नेमू होता.